कक्ष क्रमांक शून्य

आमच्या टीममध्ये एक अलिखित नियम आहे. टूल लिहायचं तर वापरणाऱ्याला कमीत कमी प्रश्न विचारायचे. फाइल द्या, बटण दाबा, विषय संपला. कुठलं व्हर्जन, कुठलं एन्कोडिंग, असल्या चौकश्या करणारं टूल म्हणजे सरकारी खिडकी, असं नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं. दोन-तीन बॅचना तर मीच शिकवलंय. हा नियम साफ चुकीचा आहे असं आता माझं ठाम मत झालंय आणि हा वीकांत मी त्याच्यावर घालवणार आहे.

(कमांड लाइन म्हटलं की ज्यांना काळी खिडकी आणि सिनेमातले हॅकर आठवतात त्यांनीही वाचायला हरकत नाही. कोड एक ओळसुद्धा नाहीये.)

तर मी अर्जुनी मोरगावचा. पुण्यात हे सांगितलं की लोकांना मोरगावचा गणपती आठवतो. तो बारामती तालुक्यातला, आमच्यापासून अख्खा महाराष्ट्र ओलांडून. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. नवेगाव बांधचा तलाव आमच्या तालुक्यात, इटियाडोह धरण आमच्याच तालुक्यात, चहूकडे धान आणि जंगल. बरं, जिल्ह्यात अर्जुनी नावाचे तालुके दोन. एक सडक अर्जुनी, एक अर्जुनी मोरगाव. गोंदियाच्या स्टँडवर नुसतं "एक अर्जुनी द्या" म्हणालात तर कंडक्टर मान वर न करता विचारतो, "सडक का मोरगाव?" तो स्वतःच्या मनाने कुठलंही तिकीट फाडत नाही, "बहुतेक लोक सडकलाच जातात" असं म्हणून सडकचं देत नाही, आणि त्याच्या या प्रश्नाने कुणाचा 'यूजर एक्स्पीरियन्स' खराब झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पुढचं सगळं लिखाण म्हणजे या कंडक्टरची वकिली आहे असं समजा.

माझ्या मामाजींचं गावात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आधी टाइपरायटर होते, रेमिंग्टन कळफलकाचे. मग संगणक आला तेव्हा मामाजींनी कृतीदेव ०१० हा फॉन्ट धरला, कारण त्याचा कळफलक तोच, हाताला नवीन काही शिकवावं लागत नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्या दुकानात काय काय टाइप झालं नसेल! अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामसभांचे ठराव, लग्नपत्रिका, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होण्याआधी नाटकांच्या संहिता. सगळं डॉक फाइलींमध्ये, वर्षवार फोल्डर करून. माणूस शिस्तीचा.

कृतीदेव म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगायला लागतं, म्हणून थोडक्यात. ते मराठी नाहीच. फाइलीत आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. 'भारत' असा शब्द दिसतोय तिथे प्रत्यक्षात साठवलंय एच, के, के, जे, आर. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, कारण टाइपरायटरवर ती आधी उमटायची. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ही फाइल उघडा, गिचमिड दिसेल. तर मामाजींचा जुना संगणक मरायला टेकला होता आणि गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "बाबू, हे सगळं नव्या मशीनवर घेऊन दे नं. नव्यात तं काहीच खुलून नाही राहिलं."

मी काय केलं? भाचा पुण्याचा इंजिनीअर! दोन तासांत स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या टप्प्यात एक जुनं फुकट टूल मामाजींच्याच विंडोज मशीनवर चालवून डॉकमधून नुसता मजकूर काढला. दुसऱ्या टप्प्यात माझ्या लिनक्स लॅपटॉपवर पायथनने कृतीदेवचं युनिकोड केलं आणि नव्या वर्डच्या फाइली बनवल्या. तपासायला दोन फाइली उघडल्या. दोन्ही नाटकांच्या संहिता होत्या. खलनायक व्यवस्थित खलनायकी बोलत होता, नायिका व्यवस्थित रडत होती. झालं काम. जुना संगणक भंगारवाल्याला दिला. मामाजींनी चहा पाजला, मामीने अनारशांचा डबा दिला.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेची बैठक होती. गावाचं नाव सांगत नाही, जरूर नाही. त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. कायदा २००६चा, नियम २००८चे, दावा गावाने त्यानंतर काही वर्षांनी केला, आणि तो दावा, त्याचे ठराव, हद्दीचं वर्णन हे सगळं तेव्हा मामाजींच्या दुकानात टाइप झालं होतं. आता जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचाय म्हणून जुने ठराव हवे होते. मामाजींनी नव्या मशीनवरून छापून दिले. मी योगायोगाने घरी होतो, त्यांच्याबरोबर गेलो. गावातली एक मुलगी उभी राहून ठराव वाचायला लागली. नावं बरोबर, गाव बरोबर, पूर्वेला नाला, पश्चिमेला पाऊलवाट, सगळं बरोबर. आणि मग ती म्हणाली, "कक्ष क्रमांक शून्य."

थांबली. पुढची ओळ बघितली. "क्षेत्र शून्य हेक्टर."

मागून एक म्हातारेबुवा म्हणाले, "शून्यच भेटलं म्हना की मंग." लोक हसले. मी हसू शकलो नाही.

घरी येऊन फाइली उघडून बसलो. आणि जे सापडलं ते इतकं सुबक होतं की चीड यावी. कृतीदेवमध्ये देवनागरी आकडे साध्या आकड्यांच्या कळांवर नाहीत. ते ऑल्ट दाबून क्रमांक टाइप करून काढावे लागतात. ऑल्ट ०१३१ म्हणजे १, ०१३२ म्हणजे २, असं करत ०१३९ म्हणजे ९. शून्य मात्र एकटा दूर, ०२२९ वर. मामाजींच्या बोटांना हे पाठ आहे. आता विंडोजचा जो एन्कोडिंग-तक्ता आहे, विंडोज-१२५२, आणि आंतरराष्ट्रीय मानकाचा जो लॅटिन-१, हे दोन्ही जवळजवळ जुळे भाऊ. फरक फक्त १२८ ते १५९ या पट्ट्यात. विंडोजने तिथे अक्षरं आणि चिन्हं बसवली आहेत, लॅटिन-१ मध्ये तिथे न दिसणारी नियंत्रण-चिन्हं आहेत. म्हणजे दोन तक्त्यांमध्ये जो काही फरक आहे, नेमका त्याच पट्टीत कृतीदेवचे १ ते ९ जाऊन बसलेत. आणि शून्य त्या पट्टीच्या बाहेर.

पहिल्या टूलने मजकूर विंडोज-१२५२ मध्ये काढला. कुठल्या एन्कोडिंगमध्ये काढू, हे त्याने विचारलं नाही. कुठल्यात काढला, हे सांगितलं नाही. माझ्या लॅपटॉपवर पायथनने तो मजकूर युनिकोडचा समजून वाचायला घेतला आणि एरर दिला. तेव्हा मी तेच केलं जे तुम्हीही कधी ना कधी केलेलं आहे (मान खाली घालू नका, इथे आपलेच लोक आहेत): एन्कोडिंगच्या जागी लॅटिन-१ लिहून टाकलं. का? कारण लॅटिन-१ कधीच एरर देत नाही! कुठलाही बाइट द्या, तो मुकाट्याने गिळतो. मग वर मी कुठूनतरी उचललेली एक ओळ होती, "न दिसणारी नियंत्रण-चिन्हं काढून टाका". तिने १ ते ९ उडवले. शून्य वाचला. आणि १३३ या क्रमांकाला, म्हणजे आमच्या ३ ला, लॅटिन-१ मध्ये 'पुढची ओळ' असा अर्थ आहे, आणि पायथनचं ओळी तोडणारं फंक्शन तो अर्थ मानतं. म्हणून जिथे जिथे ३ होता तिथे वाक्य मधूनच तुटलं. कक्ष क्रमांक २०३ असेल तर: दोन गेला, शून्य राहिला, तीनवर ओळ संपली.

नाटकात आकडे नसतात. म्हणून नायिका व्यवस्थित रडली.

सोमवारी ऑफिसात हा किस्सा सांगितला तर एक मित्र म्हणाला, "अरे, पण ही एज केस आहे." मला हा शब्द ऐकला की आताशा डोक्यात जातो. गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या काठावर आहे हे खरं, म्हणून तिथल्या फाइलीही काठावरच्या? एका गावाच्या जंगलाचं क्षेत्रफळ नाहीसं होणं ही एज केस, आणि 'हॅलो वर्ल्ड' बरोबर छापलं जाणं ही मेन केस?

तर माझं म्हणणं असं. दस्तऐवज रूपांतरित करणाऱ्या कुठल्याही कमांड-लाइन टूलने 'कशातून' आणि 'कशात' या दोन्ही जागी फॉरमॅटचं नाव आणि व्हर्जन मागितलंच पाहिजे. नाही दिलं तर काम करू नये. अंदाज बांधू नये, 'लेटेस्ट' धरू नये, मुकाट्याने तर अजिबात धरू नये.

कारण नुसतं 'डॉक' असं काही या जगात नाही. डॉक हे फक्त फाइलीच्या नावाचं शेपूट आहे. वर्ड ६चं डॉक आणि वर्ड ९७चं डॉक आतून वेगवेगळे प्राणी आहेत, शेपूट मात्र तेच. डॉकएक्स आलं तेव्हा वाटलं सुटलो. ते मानक झालं २००८ मध्ये, आयएसओ २९५००, आणि जन्मतःच दोन तोंडं घेऊन आलं: एक स्ट्रिक्ट, एक ट्रान्झिशनल. दोघांचंही शेपूट डॉकएक्स. लिब्रेऑफिसला कमांड लाइनवरून नुसतं 'डॉकएक्स कर' सांगितलं तर ते करतं, पण डॉकएक्स लिहिणारे फिल्टर त्याच्यात एकाहून जास्त आहेत. नाव घेऊन मागण्याची सोय आहे. किती जण मागतात? मी तरी आजवर कधी मागितलं नव्हतं.

आमच्याकडे कृषी केंद्रात जाऊन "धानाचं बियाणं द्या" म्हणा बघू. दुकानदार तुमच्याकडे असा बघेल की तुम्ही पुण्याहून आलात हे लगेच कळेल. "कोणतं?" हाच पहिला शब्द. आमच्याच रेल्वे लाइनवर खाली नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथे दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्याने १९८०च्या दशकात स्वतःच्या शेतात निवड करत करत एक वाण तयार केला, आणि त्याला नाव पडलं एचएमटी, तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. घड्याळाचं का होईना, पण नाव दिलं! कारण नाव नसतं तर पुढच्या वर्षी तेच बियाणं मागायचं कसं? दादाजी फार शिकलेले नव्हते, पण 'लेटेस्ट धान' असं काही नसतं हे त्यांना कळत होतं. आमच्या आर्किटेक्टला कळत नाही.

आता 'लेटेस्ट' काय करतं ते बघा. पॅनडॉक हे माझं अत्यंत आवडतं टूल आहे, तेव्हा मी शत्रुत्वाने बोलत नाहीये. २०१७ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली. त्याआधी तुम्ही 'ईपब कर' म्हणालात तर ईपब २ मिळायचं, त्यानंतर तीच कमांड ईपब ३ द्यायला लागली. 'एचटीएमएल कर' म्हटलं की एचटीएमएल ५. तुमच्या कमांडमध्ये एक अक्षर बदललं नाही, अर्थ बदलला. बदल जाहीर केला होता, नीट लिहिला होता, वाचला कुणी? पण पॅनडॉकची इज्जत ही की ते 'ईपब२' आणि 'ईपब३' अशी वेगळी नावंसुद्धा देतं. ज्याने पहिल्या दिवशी 'ईपब२' लिहून ठेवलं त्याची स्क्रिप्ट आजही तेच करते. सोय दिलेली आहे. आळस आपला आहे. घोस्टस्क्रिप्टचंही तेच: पीडीएफचं व्हर्जन सांगायला पर्याय आहे, तो न दिल्यास जे धरलं जातं ते वर्षानुवर्षांत सरकत सरकत वर गेलंय.

पीडीएफचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण इथे खरी गंमत आहे. पीडीएफ हा त्यातल्या त्यात प्रामाणिक फॉरमॅट. फाइलीच्या पहिल्याच ओळीत व्हर्जन लिहिलेलं असतं, १.४ किंवा १.७ किंवा २.०. पण लिहिलेलं आहे म्हणजे खरं आहे असं नव्हे. क्यूपीडीएफ नावाच्या टूलमध्ये दोन पर्याय आहेत. एक म्हणतो 'निदान हे व्हर्जन', दुसरा म्हणतो 'जबरदस्तीने हेच व्हर्जन'. आणि त्याची माहितीपुस्तिका स्वतःच बजावते की दुसरा पर्याय वापरलात तर आतला माल त्या व्हर्जनमध्ये बसत नसला तरी पाटी तीच लागेल. हे मला फार आवडलं. टूल जे करू शकत नाही ते सांगतंय! मी लॅटिन-१ लिहून तेच केलं होतं, पोत्यात काय आहे ते न बघता पाटी लावली होती, आणि मला बजावणारं कुणी नव्हतं.

टिकाऊ कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए आहे, २००५ पासून. लोकांना वाटतं 'पीडीएफ/ए द्या' म्हटलं की संपलं. नाही संपत! १-बी म्हटलं तर फॉन्ट फाइलीत असलाच पाहिजे, पान जसंच्या तसं दिसलंच पाहिजे, पण त्या दिसणाऱ्या आकृतीमागे कुठलं अक्षर आहे हे फाइलीला माहीत असण्याची सक्ती नाही. म्हणजे कृतीदेवमधला ठराव १-बी मध्ये सुखाने राहू शकतो: दिसायला मराठी, शोधायला गेलं की एच-के-के-जे-आर. २०११ मध्ये २-यू आलं, त्यात प्रत्येक अक्षरामागे युनिकोड हवं अशी अट आहे. इंग्रजीवाल्याला बी आणि यूमधला फरक आयुष्यात जाणवणार नाही. आपल्याला त्या एका अक्षरात अख्खी भाषा आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला तोंडपाठ आहेत. मीच ते शिकवायचो.

पहिला: सामान्य माणसाला व्हर्जन कसं माहीत असणार? हा आक्षेप घेणाऱ्याने सामान्य माणूस बघितलेला नसतो. मी घरी परत जाऊन मामाजींना विचारलं की कुठली फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे तुम्हाला आठवतं का. ते म्हणाले, "आठवाले काहून लागते? लिहून हाय नं." आणि काउंटरखालून वही काढली. प्रत्येक मोठ्या कामापुढे तारीख, गाव, पानं, पैसे आणि फॉन्ट. कृतीदेव ०१०. मधल्या काही ओळींत श्रीलिपी, कारण एक गिऱ्हाईक तेच मागायचं. वही तिथेच होती, दिवाळीतसुद्धा. मी विचारलं नाही. माझ्या स्क्रिप्टनेही विचारलं नाही, कारण प्रश्न विचारणं वाईट, हे आम्ही पोरांना शिकवतो.

दुसरा: टूलला आपोआप ओळखता यायला हवं. यावं की! पण ओळखणं म्हणजे काय ते समजून घ्या. पीडीएफच्या पहिल्या ओळीतलं व्हर्जन वाचणं हे ओळखणं. बाइट बघून 'हे लॅटिन-१ असावं' म्हणणं हा ज्योतिष. ज्योतिषाला माझा विरोध नाही, पण त्याने सही करू नये. टूलने म्हणावं, "मला हे विंडोज-१२५२ वाटतंय, तुम्ही लिहून द्या." आणि लिहून दिलेलं फाइलीशी जुळेना, तर थांबावं. हे दुसरं कलम विसरू नका, कारण नुसतं विचारल्याने मीही वाचलो नसतो. मला विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून लॅटिन-१ सांगितलं असतं. पण मजकुरात नियंत्रण-चिन्हांची रांग लागलेली बघून टूल तिथेच अडलं असतं, तर कक्ष क्रमांक वाचले असते.

तिसरा आक्षेप शहाण्या लोकांचा: आता सगळं युनिकोड झालंय, हे जुने रोग गेले. बरं. 'ॲडव्होकेट' हा शब्द टाइप करा. पहिलं अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आलं ते ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी लोक काय करायचे? 'अ' काढून त्यावर चंद्र ठेवायचे, 'अॅ'. किंवा हिंदीवाल्यांचा 'ऍ' वापरायचे. तिन्ही आजही फिरताहेत. दिसायला भावंडं, पण संगणकाच्या लेखी परके. युनिकोडची स्वतःची जी एकसारखेपणा आणायची पद्धत आहे तीसुद्धा या तिघांना एक मानत नाही. एकाचा शोध घेतलात तर बाकीचे दोन सापडत नाहीत. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवता येतो तो वेगळाच तमाशा. म्हणजे 'युनिकोड' हेसुद्धा नुसतं 'अर्जुनी' आहे. सडक का मोरगाव?

आणि आता ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे ते. टूल लिहिणारे निदान फुकट लिहितात. पण ऑनलाइन अर्जांच्या सूचना लिहिणारे? कुठलाही अर्ज काढा. 'कागदपत्रे पीडीएफ स्वरूपात, अमुक इतक्या केबीपेक्षा कमी.' वजन सांगितलं, वाण सांगितला नाही. आणि वजनाच्या अटीपायी काय होतं ते सेवा केंद्रांवर जाऊन बघा. पोरगा चांगली मजकूर असलेली पीडीएफ घेतो, तिचा फोटो करतो, फोटो दाबून दाबून इतका बारीक करतो की ३ आणि ८ सारखेच दिसतात, आणि पुन्हा पीडीएफ करून चढवतो. वजन बसलं. पोर्टल खूश. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक मात्र वाचणाऱ्याच्या श्रद्धेवर.

या देशाला फॉरमॅटचं कळत नाही असंही नाही, म्हणून जास्त चीड येते. डॉकएक्सचं घराणं आंतरराष्ट्रीय मानक करायचं का यावर मतदान झालं तेव्हा भारताने सप्टेंबर २००७ मध्ये 'नाही' म्हटलं होतं आणि २००८ मध्येही मत बदललं नाही. (मानक झालंच, ते सोडा.) नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं. म्हणजे वर, दिल्लीत, कुणाला तरी नीट कळलेलं होतं. ते खाली अर्जाच्या सूचनेपर्यंत झिरपलं नाही. 'पीडीएफ/ए-२यू' एवढी अक्षरं सूचनेत घालायला किती शाई लागते?

मी माझं टूल बदललंय. आता ते फोल्डर दिलं की आधी वही मागतं. खरंच, एक साधी मजकुराची फाइल, जिच्यात प्रत्येक दस्तऐवजापुढे फॉन्ट, एन्कोडिंग आणि कशात करायचं ते व्हर्जन लिहिलेलं हवं. ओळ नसेल तर ती फाइल तशीच राहते, आणि टूल मराठीत एकच शब्द छापतं: "कोणतं?" ऑफिसातल्या मित्राने बघितलं आणि म्हणाला, हे कुणी वापरणार नाही. मामाजी वापरताहेत. ते वहीतून बघून एका बोटाने नोंदी भरताहेत, दिवसाला वीस-पंचवीस. रूपांतर झाल्यावर टूल मूळ मजकुरातले आकडे आणि नव्या मजकुरातले आकडे मोजून जुळवतं. एक जरी कमी भरला तरी फाइल पुढे जात नाही.

पण जुनी मशीन तर भंगारात गेली होती, मग फाइली कुठून आल्या, असं तुम्ही विचाराल. माझ्या लॅपटॉपवर पहिल्या टप्प्यातला मजकूर, म्हणजे ते विंडोज-१२५२चे मूळ बाइट, एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडून होते. मी ते पुसायला विसरलो होतो. यात माझी हुशारी काहीही नाही. तीच स्क्रिप्ट योग्य नावाने पुन्हा चालवली आणि सगळे आकडे परत आले. तरी ग्रामसभेने ते तसेच घेतले नाहीत. एका घरच्या लोखंडी पेटीत शिक्क्याची कागदी प्रत होती. ती काढून दोघींनी सगळे ठराव ओळ-न्-ओळ ताडून बघितले, मी समोर बसून हो-हो म्हणत होतो. कक्ष क्रमांक, क्षेत्र, तारखा. दुपारचे तीन वाजले. म्हातारेबुवा पुन्हा आले होते, या वेळी काही बोलले नाहीत.

श्रीलिपीच्या अकरा फाइली अजून राहिल्यात. वहीत 'श्रीलिपी' एवढंच लिहिलंय, कुठली मालिका ते नाही, आणि वेगवेगळ्या मालिकांची मांडणी सारखी नसते. ते गिऱ्हाईक आता राजनांदगावला असतं असं कळलं. मामाजी म्हणाले, दिवाळीला येईल तेव्हा विचारू. तोवर टूल रोज त्या अकरा नावांपुढे "कोणतं?" छापतंय.